पट्टीखालचा हिरवा

सांगलीच्या कुमुदताईंनी वडिलांची जुनी मोटार दुरुस्तीला काढली. तळाचा गालिचा पार विटून फाटला होता. नवा घालायचा, पण मूळ रंग कोणता? कुशनवाल्या मिस्त्रींनी नमुने पसरले.

वडिलांचे स्नेही दादासाहेब नाडगौडा जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष. काठी आपटून म्हणाले, "तपकिरी! शंभरदा फिरलोय मी या गाडीतून."

"काका, हिरवा होता."

"तू तेव्हा चार वर्षांची, तुला काय कळतंय? तपकिरी घाल, नाहीतर आमच्या फेरीत ही गाडी येणार नाही."

कुमुदताईंनी मिस्त्रींकडून दारालगतची पत्र्याची पट्टी उघडवली. खाली साठ वर्षं ऊन न लागलेली गालिच्याची कड निघाली. शेवाळासारखी हिरवीगार.

दादासाहेब वरमले. "शंभरदा बसून मी विसरलो, आणि तुझ्या बरा लक्षात राहिला!"

कुमुदताई त्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"काका, तुम्ही आलात की सीट तुम्हाला. मी खाली, आईच्या पायांशी. तिची पावलं आणि हा रंग, एवढंच दिसायचं मला."