विळ्याची पळी

ही गोष्ट खरी आहे. ग्रामदेवीच्या पायरीवर हात ठेवून सांगतो. म्हणजे हल्ली गुडघ्यांमुळे हात पायरीपर्यंत पोचत नाही, आणि गोष्टही थोडी माझ्या पदरची आहे. पण ऐका.

फार वर्षांपूर्वी, हिवरगव्हाणात विहिरींपेक्षा देवरुषी जास्त होते तेव्हा, तिथं तान्हाई नावाची सुईण होती. पोटावर नुसता हात ठेवून आतलं मूल कुठल्या कुशीवर निजलंय ते सांगायची, असं म्हणतात.

एकदा तिच्या कानावर आलं, धुरपाच्या सुनेला भूत लागलंय. गोजरा तिचं नाव. सहा महिने पोर बोलत नव्हती, झोपत नव्हती, चुलीपुढं बसून नुसती भिंत बघायची. म्हस्कू देवरुषी म्हणाला, "भुताला आंबट आवडतं. हिचं दही, ताक, आंबील सगळं बंद करा." केलं. भूत हलेना. मग ठरलं, शनिवारी विळा तापवून पोटावर डागायचं.

तान्हाई काखेत आंबिलीचं मडकं घेऊन पोचली तेव्हा विळा चुलीत लाल झाला होता. तिनं आधी पोरीचं पोट चाचपलं. नगाऱ्यासारखं ताठ.

"परसाकडं जाऊन किती दिवस झाले गं?"

गोजरानं चार बोटं दाखवली.

"आणि खातेस काय?"

उत्तर सासूनं दिलं. "आमचं झाल्यावर उरतं ते. रीतच हाय की, मावशी."

"उरतं काय?"

"करपलेली भाकरी. मीठ-मिरची."

तान्हाई अशी कडाडली की घराची कौलं सरकली, असं म्हणतात. "भूत शोधताय व्हय रं, मेल्यांनो? सहा महिने हिच्या डोक्यात डोकावताय, पोटाला एकानं इचारलं न्हाई! आत वणवा पेटलाय, अन् पोरीनं हसावं कसं? आन् म्हस्क्या, तू रोज वाटीभर दही चापतोस, तुला रं कोण लागलंय?"

म्हस्कू मिशीवरचं दही पुसायला लागला.

तान्हाईनं उघड्या हातानं तो लाल विळा उचलला आणि आपल्या आंबिलीच्या मडक्यात खुपसला. वाफ आढ्याला लागली. बाहेर आली ती पळी! त्याच पळीनं तिनं गोजराला नाचणीची आंबील वाढली. सासऱ्याच्या आधी, नवऱ्याच्या आधी. बाप्ये अंगणात भुकेलं पोट धरून बसले. रोज असंच. मडकं काही रिकामं होईना, असं म्हणतात. आठव्या दिवशी गोजरा बोलली. पहिला शब्द काय? "आणखी."

हिवरगव्हाणात आजही चैत्राच्या पहिल्या शनिवारी देवळापुढं आंबील शिजते. ती लोखंडी पळी बाहेर निघते. पहिली आंबील गावातल्या सगळ्यात नव्या सुनेला. ती "पुरे" म्हणेपर्यंत बाप्यांनी ताटाला हात लावायचा नाही, आणि काही पोरी मुद्दाम उशीर करतात. त्या दिवशी कुणी कुणाला "बरं आहे का" विचारत नाही. "पोट काय म्हणतंय?" असं विचारतात.

आता कबूल करतो. विळ्याची पळी झाली, हे मी घातलं. पळी लोहारानं केलेली. आठ दिवसही माझेच. गोजराला बोलायला, हसायला वर्ष लागलं.

विळा तापवला होता, तो मात्र मी घातलेला नाही.