कोकिळाबाईंचा धाक

रानात सांगणारे फार आणि ऐकणारे कमी होते, त्या काळची ही गोष्ट. तो काळ संपल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.

एका सायाळीला टोक्या नावाचा मुलगा होता. धाकटी बहीण जन्मल्यापासून तो ऊठसूट अंगावरचे काटे उभे करी. एकदा त्याने सशाच्या नाकाला काटा टोचला, तेव्हा शेजाऱ्यांनी बजावलं, ‘पोराला आवरा, नाहीतर बीळ सोडा.’

घाबरलेली सायाळ कोकिळाबाईंच्या व्याख्यानाला गेली. मुलं कशी वाढवावीत यावर बाईंचा अधिकार मोठा. स्वतःची अंडी कावळिणीच्या घरट्यात ठेवून आल्यामुळे त्यांना विचार करायला भरपूर सवड होती. ‘धाक हवा,’ बाई म्हणाल्या. ‘त्याने काटे उभारले की तुम्ही दुप्पट उभारा.’

सायाळ पंधरा दिवस स्वतःचे काटे ताठ करून ‘काटे खाली कर’ म्हणून ओरडत राहिली. टोक्या हुशार होता. आईकडे बघून तो आणखी ताठ काटे उभारायला शिकला.

शेवटी ती दमली. आपले काटे मिटून त्याच्या शेजारी बसली. ‘बाळ आल्यापासून आई आपली राहिली नाही, असं वाटतं का रे?’

टोक्या रडला. तिने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, ‘राग आला की मला येऊन सांग. सशाला मात्र टोचायचं नाही.’

हळूहळू टोक्याचे काटे खाली आले.

‘बघा, माझा धाक लागू पडला,’ कोकिळाबाई रानभर सांगू लागल्या.

टोक्याने विचारलं, ‘मावशी, तुमच्या पिल्लांना रडू आलं तर ती कुणाकडे जातात?’

बाईंनी कावळिणीच्या घरट्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या व्याख्यानाला उशीर होतोय म्हणून उडून गेल्या.