मागणकड्याचं पांढरं मोहोळ

इथूनच बघा पाव्हणं, कडेला जाऊ नका. ही काळी भिंत सरळ दरीत उतरते. मध्यावर कपारीत पांढुरकं काहीतरी दिसतंय ना, ते मोहोळ. बाकीची मोहोळं आम्ही दर चैत्रात काढतो. त्याला मात्र कुणी हात लावत नाही. फार पूर्वी एकानं लावला होता, म्हणे.

त्याचं नाव लुमा. मधाच्या कामात त्याच्या तोडीचा माणूस या डोंगरात नव्हता असं सांगतात. त्याच्या बायकोला, ठकूला, दिवस गेले होते आणि तिला याच कड्याच्या मधाचे डोहाळे लागले. डोहाळे मोडू नयेत, म्हणून लुमा निघाला. दोर धरायला ठकूचा धाकटा भाऊ बुधा. ठकूही हट्टानं मागोमाग कड्यावर आली.

लुमानं धुरी देऊन एक मोहोळ कापलं, टोपली वर पाठवली. ठकूनं बोट चाटलं आणि तिचा जीव निवला. खरं तर काम झालं होतं. पण लुमाची नजर त्या पांढऱ्या मोहोळावर गेली. जुनी माणसं म्हणायची, ते देवीचं. त्यातला मध चाखला की माणूस कायमचा सुखी होतो, पुन्हा कसली इच्छाच उरत नाही. लुमाला वाटलं, आज मध, उद्या दाणा, परवा पोराला आंगडं. याला अंत कुठाय? एकदाच चाखावं आणि सुटावं.

कपार आत वळलेली. दोर बांधून शिरता येईना. त्यानं कमरेची गाठ सोडली आणि रांगत आत गेला.

वर बुधाच्या हातात दोर हलका झाला. ठकू गुडघ्यांवर टेकून खाली वाकली. लुमा कपारीच्या तोंडाशी येऊन बसला होता, हात कोपरापर्यंत मधानं माखलेले. आग्या माश्या त्याला डसत होत्या आणि तो हसत होता.

"अवं, दोर धरा!" ती ओरडली.

"कशाला?" तो शांतपणे म्हणाला. "मला काही नको."

बुधानं दोर झुलवला. तो लुमाच्या गुडघ्याला लागून माघारी गेला. पुन्हा झुलवला, पुन्हा तेच. ऊन चढलं, लुमाचे ओठ फुटले, तरी त्याला पाणी नको. ठकूनं पोटातल्या लेकराची आण घातली. वाटेवरच्या परक्याला डोलवावी तशी त्यानं मान डोलवली.

तेव्हा ठकूनं पदर खोचला. "आक्का, नको गं, दोन जीवांची हाईस," बुधा विनवत राहिला. तिनं दोर काखेखालून बांधून घेतला, हातात पेटता पलिता धरला आणि उतरली. भावाच्या तळहातांची सालं निघत होती, पण त्यानं दोर सरकू दिला नाही.

कपारीच्या कडेवर ती टेकली. लुमा तिच्याकडे बघतच राहिला, उठला नाही.

"तुमाला काही नको," ती म्हणाली, "मग मला तरी दोर कशाला?" आणि तिनं गाठ सोडली.

तो बघत होता. ती एक पाऊल पुढं आली. खडकावर मध सांडलेला. तिचा पाय सटकला.

"नको!" लुमा किंचाळला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

तिला आत ओढून घेतलं, तसे सगळे डंख एकदम पेटले. तो गुरासारखा ओरडला, पाणी मागितलं, रडला. मग त्यानं तिला दोर बांधला. ती वर गेली. रिकामा दोर परत खाली येईपर्यंत तो देवीला हाका मारत होता, असं सांगतात.

पुढं लेक झाली. लोक लुमाला विचारायचे, ते सुख कसं होतं रे? तो म्हणायचा, "खोटं नव्हतं. दुखणं नाही, भ्या नाही. पण ठकी म्होरं उभी होती, आन ती असली काय, नसली काय, मला सारखंच."

तेव्हापासून याचं नाव मागणकडा. आजही माणूस खाली सोडण्याआधी दोर धरणारा विचारतो, "वर येऊन काय पायजे?" कुणी म्हणतं, गरम भाकरी. कुणाला लेकीला माहेरी आणायचं असतं. उत्तर आल्याशिवाय दोर खाली सुटत नाही.

मागल्या चैत्रात आमचा चहादू बायको गेल्यावर पहिल्यांदाच कड्यावर आला. मी विचारलं. पुन्हा विचारलं. तो दरीकडे बघत राहिला. मी त्याच्या कमरेची गाठ सोडली. मोहोळं तशीच राहू दिली आणि आम्ही सगळे त्याला मधे घेऊन वाडीवर जेवायला परतलो.