पिपालुकचा कोरा झेंडा

फार फार वर्षांपूर्वी, सूर्य उन्हाळ्यात मावळायचंच विसरतो आणि हिवाळ्यात उगवायचं, अशा उत्तरेच्या टोकाला सिकुवाक नावाचं गाव होतं. तिथं पिपालुक राहायची. वालरसचं आतडं वाळवून ती शिकाऱ्यांचे अंगरखे शिवायची. ते कागदासारखे कडक, वाऱ्यात खडखडणारे. पण पाण्याचा थेंब आत शिरेल तर शपथ! हात सोन्याचे, आणि जीभ? विचारू नका.

एकदा सरकारचा हुकूम आला, की प्रत्येक गावानं आपलं चिन्ह ठरवून झेंडा उभारावा. कुणी पांढरं अस्वल घेतलं, कुणी देवमासा. सिकुवाककर म्हणाले, "आपला सील!"

पिपालुक उसळली. त्या मुलखात शिकारी कधी बढाई मारत नाही. होडी बुडेपर्यंत शिकार मिळाली, तरी घरी येऊन म्हणायचं, "थोडंसं मिळालं." कारण जनावर ऐकत असतं, आणि रुसलं की पुन्हा फिरकत नाही.

"तोंडानं बोलायचं नाही, आणि खांबावर टांगून मिरवायचं?" ती म्हणाली. "सील काय आंधळा आहे?"

मग तिनं आतड्याच्या पट्ट्या जोडून झेंडा शिवला आणि किनाऱ्यावरच्या खांबावर चढवला. कोरा करकरीत. शेजारगावचा मुखिया तो बघून पोट धरधरून हसला. "ही तर वाळत घातलेली पिशवी!" सिकुवाककरांच्या माना खाली गेल्या. तिचा नवरा इगिमाकसुद्धा म्हणाला, "शिकारीहून आलो की उतरवू गं." पिपालुकला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचे पुरुष कयाक, म्हणजे कातड्याच्या अरुंद होड्या, घेऊन समुद्रावर गेले, आणि धुकं उतरलं. असं म्हणतात, की स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसेना. एकीकडे बर्फ, दुसरीकडे उघडा समुद्र. चुकीकडे वळला तो गेलाच. किनाऱ्यावर हाका मारून बायकांचे घसे बसले. वारा पडलेला, झेंडा मुका.

पिपालुकनं खांब धरला आणि वाऱ्यालाच फैलावर घेतलं. "अरे ए आळशा! बारा महिने आमची छपरं उडवतोस, आणि आज कुठं तोंड काळं केलंस? माझं माणूस आत आहे!"

असं म्हणतात, वाऱ्याला राग आला. तो धावून आला, पण धुकं काही हललं नाही. हलला तो झेंडा! खड् खड् खडाड्! दूरच्या बेटावरचा बर्फ त्या आवाजानं तडकला म्हणे.

आवाजाच्या रोखानं एकेक कयाक धुक्यातून बाहेर पडला. सगळ्यांत पहिला कोण? तो हसणारा मुखिया. सगळ्यांत शेवटी इगिमाक आला. तोवर पिपालुकनं खांब सोडला नव्हता.

"झेंडा ऐकू आला का?" तिनं दरडावून विचारलं.

"थोडासा," तो म्हणाला, आणि तिला मिठी मारून ढसाढसा रडला. किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला. एकही माणूस कमी नव्हता.

सिकुवाकच्या झेंड्यावर आजही काही काढलेलं नाही. दर उन्हाळ्यात गावच्या बायका नवा झेंडा शिवतात आणि पिपालुकचं नाव घेऊन चढवतात. परका पाहुणा विचारतो, "यावर चिन्ह कुठाय?" तेव्हा सारा गाव, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत, डोळे मिटून उभा असतो. जवळचं कुणीतरी त्याला हळूच सांगतं,

"बघू नका. ऐका."