रुकय्याबीची ओली पायरी

संस्थानाच्या काळात एकदा दुपारी बाराची तोफ नुकतीच झाली होती, तेव्हा हे सुरू झालं, असं सांगतात. आमच्या कातरखेडच्या पेठेतली ही पायरी भर वैशाखातही ओली का, ते तिथूनच सांगावं लागतं.

या पायरीच्या घरात रुकय्याबी अत्तार राहायची, पुढच्या बाजूला तिचं दुकान. बाटलीतलं औषध विकणारी ती गावातली पहिली. प्रत्येक बाटलीवर बोरूनं चिठ्ठी लिहायची. अक्षर असं की लोक रिकाम्या बाटल्याही टाकत नसत. पण शाई वाळेपर्यंत बाटली हातात द्यायची नाही. घाईच्या गिऱ्हाइकांसाठी समोरच्या फळीवर मोठं 'थांबा' लिहिलेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही त्या शब्दाचा आकार ओळखू यायचा.

त्या दुपारी कोष्ट्याची गिरजा आली. घरी तान्हं तापानं फणफणलेलं. दोन बाटल्या होत्या, एक पाजायची, एक छातीला चोळायची. चोळायचं औषध पोटात गेलं तर विष.

"गिरजे, अक्षर ओलं आहे अजून."

"तुमचं अक्षर बघत बसू का पोराकडं बघू, बी?" म्हणाली, आणि बाटल्या पदरात घेऊन पळालीच.

रुकय्याबी पायानं अधू. हाका मारल्या, पण त्या उन्हात पेठेत चिटपाखरू नव्हतं. मग म्हणे ती या पायरीवर बसली आणि दगडावर 'थांबा' लिहू लागली. शाई संपली तरी बोटानं गिरवत राहिली.

तिकडे गिरजेच्या पदराला घासून दोन्ही चिठ्ठ्या पुसलेल्या. तिनं अंदाजानं एक बाटली उघडली, चमचा भरला. तेवढ्यात पोराच्या अंथरुणाजवळची सारवलेली जमीन काळी पडू लागली. ओल वर आली, तिला आकार आला. तोच, फळीवरचा. गिरजेच्या हातून चमचा पडला. जिथं औषध सांडलं, तिथल्या मुंग्या पुन्हा हलल्या नाहीत.

तिनं दुसऱ्या बाटलीतलं पाजलं आणि पोराला घेऊन धावत आली. रुकय्याबी पायरीवर बसलेली, अंग गार. बोटाची शाई मात्र ओली, आणि पायरीही; ती तेव्हापासून वाळलीच नाही.

पोर जगलं. माझ्या सासूबाई त्याच्याच वंशातल्या.

आजही आम्ही बाया औषधाची बाटली आधी या पायरीवर टेकवतो. बुडाला लागलेलं ओलं कडं वाळलं की मगच घरी न्यायची. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीच्या बाटलीचं कडं काही केल्या वाळेना. औषधाच्या दुकानात परत गेले, तर दुकानदार हसला, "काय वहिनी, पायरी काय म्हणाली?" मग त्यानं बाटली उजेडात धरली, तळाशी गाळ दिसला, तशी लगेच बदलून दिली.

तुमच्याही घरी लेकरं असतील. तिथं पायरी नसेल. पण पाजण्याआधी थांबा, आणि शेजारणीलाही तेवढं सांगा.