ब्रॅकनच्या रस्त्यातली विहीर

फार वर्षं झाली बाबांनो, तेव्हा आगगाडी नवी होती. अमेरिकेत, जिथवर नजर जाईल तिथवर नुसतं गवत, अशा मुलखात ब्रॅकन नावाचं गाव होतं. चार दुकानं, एक पिठाची गिरणी, आणि बैलगाड्या वळाव्यात म्हणून मुद्दाम रुंद ठेवलेला एकच रस्ता. तिथं रेल्वेचा साहेब आला नि म्हणाला, "इंजिनाला पाणी लागतं. महिन्याभरात पाणी दाखवा, नाहीतर रूळ शेजारच्या पेल्टनवरून जातील." रूळ गेले की गाव गेलं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तेवढ्यात हॅल्वर नावाचा विहीर खणणारा चालत आला. कुठून आला, कुणी पाठवला, काही सांगेना. जमिनीला कान लावत लावत त्यानं सगळं गाव पालथं घातलं नि बरोबर रस्त्याच्या मधोमध थांबला. असं म्हणतात, त्याला खालचं पाणी कुजबुजताना ऐकू यायचं.

"रस्ताच फोडायचा म्हणतोय! पेल्टनवाल्यांनी धाडलाय हा," गिरणीवाला कोबर्न म्हणाला.

"मग तुझ्या गिरणीत खणू दे की," खाणावळवाली ड्रुसिला म्हणाली. "पाणी नाही तर पीठ तरी लागेल."

लोक हसले, दुसरा उपाय नव्हता म्हणून रस्ता खणू दिला, पण संशय काही गेला नाही. हॅल्वर गप्प बसला तरी संशय, हसला तरी संशय. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो साठ हात खाली असताना कोबर्ननं दोरच वर ओढून घेतला.

"पाणी लागल्याशिवाय वर यायचं नाही! पळशील पेल्टनला."

खालून शांतपणे आवाज आला, "बरं."

दुपारी हाक आली. "पाणी आलं! दोर सोडा!"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"दोरासाठी सांगतोय," कोबर्न म्हणाला. "थांबा जरा."

ड्रुसिला दोराला झोंबली, तर चौघांनी तिला धरून ठेवलं. दुसरी हाक आली. तिसरी आलीच नाही. मग पाणीच वर आलं, काठोकाठ, नि रस्त्यावरून वाहायला लागलं.

हॅल्वर सापडला नाही. असं म्हणतात, त्याच दुपारी पेल्टनच्या एका जुन्या, कोरड्या पडलेल्या विहिरीतून एक ओलाचिंब माणूस बाहेर आला नि गवतातून चालत गेला.

रूळ आले. ब्रॅकनचं शहर झालं. रस्ता मात्र अजून त्या विहिरीला वळसा घालून जातो. वर्षातून एकदा, त्याच दिवशी, दुकानं बंद ठेवून सगळे जमतात, विहिरीत दोर सोडतात. कुणीतरी वाकून हाक मारतं, "हॅल्वर, ये वर." जरा वेळ थांबतात. मग सगळे मिळून हळूहळू ओढतात.

दोर जड लागला का, हे तिथं कुणी कुणाला विचारत नाही.