हेमकळेचं राहिलेलं लिहिणं

फार फार मागे एका राजाचा एक प्रधान होता. आपल्याला राजाशी कर्तव्य नाही, प्रधानाच्या लेकीशी आहे. तिचं नाव हेमकळा. बापानं तिला हौसेनं लिहायला-वाचायला शिकवलं होतं. अख्ख्या राज्यात वाचता येणारी मुलगी ही एकच, बरं का!

एकदा काय झालं, नदीवर तिला एक म्हातारी भेटली. परमुलखात गेलेल्या लेकाचं पत्र घेऊन बसली होती. वाचून दाखवायला कुणाला सवड नव्हती. हेमकळेनं एकदा सोडून दोनदा वाचलं. मग म्हातारीनं कमरेचा बोरू काढला. बोरू म्हणजे लिहायची काडी. म्हणाली, "पोरी, यानं तीनदा लिहिशील ते खरं होईल. खाली तुझं नाव घाल म्हणजे झालं."

मग राजाचा हत्ती आजारी पडला. गाव रडायला लागलं. हेमकळेनं लिहिलं, खाली नाव घातलं, की हत्ती उठून ऊस खायला लागला. मग धाकटा भाऊ रानात हरवला. तिनं लिहिलं, नाव घातलं, भाऊ दारात हजर!

तिसरं लिहिणं तिनं जपून ठेवलं होतं. 'उद्या सकाळी राज्यातल्या सगळ्या मुलींना वाचता येऊ दे.' तिनं बोरू शाईत बुडवला, तेवढ्यात आत्याबाई आल्या.

"अगं, राजपुत्राकडची मंडळी तुला बघायला आलीत! ऊठ, शालू नेस."

"एवढं लिहिते, आत्याबाई."

"लग्न होऊ दे, मग लिही निवांत."

आणि ती उठली रे! इथंच चुकलं. माझा जीव अजून हळहळतो, एक ओळ लिहून का नाही उठली? पण मोठ्यांनी हाक मारली की उठायचं, तिला तीच सवय. सगळ्याच मुलींना तेव्हा तीच सवय.

मग थाटात लग्न झालं. रीतीप्रमाणे राजपुत्रानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं, सुलक्षणा. पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिनं बोरू घेतला. ओळ लिहिली, खाली 'हेमकळा' घातलं. बोरू म्हणाला, "ही मुलगी आता आहे कुठं?" अक्षरं पुसली गेली. मग 'सुलक्षणा' घातलं. बोरू म्हणाला, "या बाईंना मी ओळखत नाही." पान पुन्हा कोरं.

ती रडायला लागली. राजपुत्र काही वाईट नव्हता हं. सगळं कळल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "मला वाटलं, नवं नाव म्हणजे कौतुक. थांब, ते ताट आणतो, नाव पुसून टाकतो." धावत मुदपाकखान्यात गेला. पण त्या तांदळाचा केव्हाच भात झाला होता. वऱ्हाडी जेवूनही गेले होते.

तीन दिवस हेमकळा नुसती बसून राहिली. चौथ्या दिवशी उठली, नणंदेला चुलीपुढे घेऊन बसली आणि राखेत एक अक्षर काढून दिलं. मग नणंदेनं आपल्या जावेला शिकवलं, जावेनं शेजारणीला. कुठं सासू रागवायची, कुठं दार लावून घ्यायचे. एका सकाळी व्हायचं काम, त्याला किती पिढ्या लागल्या! पण हेमकळा सुखानं नांदली. तिच्या लेकीसुना शिकल्या, पुस्तकं लिहायला लागल्या.

अशी एकेकीची पाळी येत येत माझी आली. मग तुमच्या आईची, आता तुमची. माझ्या आईची मात्र आली नाही. मी शाळेतून आले की ती माझी वही मांडीवर घ्यायची आणि पानांवरून नुसता हात फिरवायची. मला दिसत होतं सगळं. पण 'आई, बस, तुला शिकवते' असं मी एकदाही म्हटलं नाही. अंगठा उठवतच गेली बिचारी.

चला, पांघरूण घ्या. डोळे मिटा बघू. सकाळी शाळा आहे ना?